जुन्नरचे देयधम्म आणि चीनचा शेजार

चीनचे वाढते सामर्थ्य आणि त्यास शेजारी देशांनी दिलेला प्रतिसाद हा विषय आज केवळ परराष्ट्रनीतीच्या अभ्यासकांपुरता उरलेला नाही. श्रीलंका, म्यानमार, नेपाळ, भूतान, मंगोलिया ही नावे डोळ्यांसमोर आणली असता ध्यानात येते की, ज्या देशांवर या सामर्थ्याचा भार पडत आहे त्यांपैकी अनेकांचा बुद्धधम्माशी निकटचा संबंध आहे. लुंबिनी तर तथागतांची जन्मभूमीच होय. म्हणून बौद्ध वाचकास या घडामोडींकडे त्रयस्थपणे पाहता येणार नाही.

या प्रश्नाची चर्चा सामान्यतः सैन्य, सीमा आणि व्यापार या तीन अंगांनी होते. आम्हांस येथे चौथे अंग मांडावयाचे आहे. बलाढ्य सत्ता शेजाऱ्यास जे देते ते कोणत्या अटींवर देते, हे ते अंग होय. त्याचा पुरावा शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. पुणे जिल्ह्यातील जुन्नरच्या डोंगरांवर तो ब्राह्मी लिपीत कोरलेला आहे.

घाटमाथ्यावरील जुना संघर्ष

जुन्नरभोवती तुळजा, शिवनेरी, मानमोडी आणि लेण्याद्री या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक लेणी आहेत. इतकी लेणी येथेच का कोरली गेली, याचे उत्तर नाणेघाटात मिळते. कोकणातील बंदरांवर उतरलेला माल याच घाटाने देशावर येत असे. ज्याच्या हाती हा घाट, त्याच्या हाती व्यापार. नाणेघाटातील सातवाहन राणी नागनिकेचा लेख आणि तेथील राजप्रतिमांचे अवशेष ही या मालकीची खूण आहे.

या मार्गावर उत्तरेकडून क्षहरात क्षत्रपांची सत्ता चालून आली. मानमोडी डोंगरावरील एका लेखात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य, वत्सगोत्री अयम, याने वर्ष ४६ मध्ये पाण्याची पोढी व मंडप दान दिल्याची नोंद आहे. म्हणजे सातवाहनांच्या या मोक्याच्या स्थळी त्या वेळी परक्या राजाचा अमात्य दान करीत होता. ग्रीक भाषेतील 'पेरिप्लस' या सागरी प्रवासवृत्तात याच काळाचे दुसरे चित्र आहे. कल्याण हे पूर्वी रीतसर बाजारपेठेचे बंदर होते. पुढे तेथील व्यापारात अडथळे आणले गेले आणि चुकून तेथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असे तो ग्रंथ सांगतो. शेजाऱ्याचे बंदर बंद पाडून व्यापार आपल्याकडे वळविणे ही युक्ती आजची नव्हे.

यावर सातवाहनांनी कोणता प्रतिसाद दिला? गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा पराभव केला. नाशिकच्या लेखात त्याच्या मातेने, गौतमी बलश्रीने, आपल्या पुत्राचे वर्णन क्षहरातांचा वंश निःशेष करणारा असे केले आहे. नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ साली नहपानाच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यात तेरा हजारांहून अधिक नाणी होती आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. शत्रूची राजमुद्रा त्याने पुसली, परंतु चांदी फेकून दिली नाही.

दानांच्या बाबतीतही त्याने हाच विवेक दाखविला. नहपानाचा जावई उषवदात याने कार्ल्याच्या भिक्खूंना करजिक गाव दिले होते. सत्ता बदलल्यानंतर ते गाव संघाकडून काढून घेतले गेले नाही. सातवाहन राजाज्ञेने ते संघाकडेच कायम ठेवले. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यातील भिक्खूंना तर उषवदाताच्या ताब्यातील शेत विजयी सैन्याच्या तळावरून आज्ञा पाठवून देण्यात आले. राजा परका होता म्हणून संघास दिलेले दानही परके ठरले नाही, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते.

देयधम्माच्या अटी

असे का घडले, हे समजण्यासाठी दानाचे स्वरूप पाहावे लागते. जुन्नरच्या लेखांत 'देयधम्म' हा शब्द वारंवार येतो. तेथील दात्यांत केवळ स्थानिक लोक नाहीत. इरिल, चिट आणि चंद या तिघा यवनांची नावे लेखांत आहेत. इरिलाने दोन पोढ्या दिल्या, चिटाने संघास भोजनमंडप दिला, चंदाने गर्भद्वार करविले. नावासमोर 'शक' हा शब्द असलेला अडुथुम नावाचा उपासक वडालिका येथील २० निवर्तने जमिनीचे उत्पन्न करंजवृक्षांसाठी आणि कटपुटक येथील ९ निवर्तनांचे उत्पन्न वटवृक्षांसाठी ठेवतो. धान्य व्यापाऱ्यांची श्रेणी सात खोल्यांचे लेणे देते. बांबूकाम करणारे आणि कांस्यकार यांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याच्याही नोंदी आहेत.

ठेवींचा व्यवहार कसा चाले, याचे सविस्तर उदाहरण नाशिकच्या उषवदाताच्या लेखात आहे. त्याने ३००० कार्षापणांची अक्षयनीवी गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि एक हजारावर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले. दोन हजारांचे वर्षाचे २४० कार्षापण होतात. त्यातून वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी मिळावयाचे होते. मूळ रक्कम परत घ्यावयाची नाही, केवळ व्याज उपभोगावयाचे, असे त्या लेखात स्पष्ट कोरले आहे.

येथे तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. व्याज दात्याकडे जात नाही, संघाकडे जाते. रक्कम दात्याच्या देशात नव्हे, तर स्थानिक कारागिरांच्या हाती राहते आणि त्यांच्या मागांना भांडवल पुरविते. आणि सर्व अटी दगडावर, लोकांना वाचता येतील अशा ठिकाणी लिहिल्या जातात. क्षत्रपांच्या दानामागे राजकीय हेतू नव्हता असे आम्ही म्हणत नाही. जिंकलेल्या प्रदेशात मान्यता मिळविण्याचा तो मार्गही असणार. परंतु हेतू काहीही असला तरी अटी अशा होत्या की, दाता गेल्यावरही दान घेणाऱ्याचेच राहिले.

बाबासाहेबांचा इशारा

भारत आणि चीन यांच्या जुन्या संबंधांतही हाच धागा दिसतो. सातव्या शतकात ह्युएन त्संग दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेला. तो ग्रंथ नेण्यासाठी आला होता, गावे जिंकण्यासाठी नव्हे. या आठवणीचा आधार घेऊन स्वतंत्र भारतात मैत्रीची भाषा बोलली गेली. २९ एप्रिल १९५४ रोजी तिबेटविषयक करार झाला आणि त्यात पंचशील या बौद्ध शब्दाला राजनीतीत स्थान मिळाले.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत या धोरणाची कठोर चिकित्सा केली. माओंचा पंचशीलावर खरोखर विश्वास असता तर त्यांनी आपल्या देशातील बौद्धांना वेगळी वागणूक दिली असती, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ल्हासाचा ताबा चीनला घेऊ देऊन आपण चीनची सीमा भारताच्या सीमेला आणून भिडविली, हेही त्यांनी बजावले. पुढे मार्च १९५९ मध्ये दलाई लामांना भारतात आश्रय घ्यावा लागला आणि १९६२ साली युद्ध झाले. बाबासाहेबांची कसोटी साधी होती. धम्माचा शब्द उच्चारणारी सत्ता आपल्या घरातील बौद्धांशी कशी वागते, ते आधी पाहावे.

ही कसोटी आजही लावता येते. चीनने २००६ साली हांगचौ येथे पहिली जागतिक बौद्ध परिषद भरविली. त्याच चीनने २००७ साली नियम केला की, तिबेटी परंपरेतील लामांच्या पुनर्जन्माच्या मान्यतेसाठी शासनाची परवानगी घ्यावी लागेल. पुनर्जन्माच्या त्या कल्पनेविषयी आमचे मत काहीही असो. कोणास गुरू मानावे, हे ठरविण्याचा अधिकार शासनाकडे जाणे ही धम्माची सेवा नव्हे.

शेजाऱ्यांचे प्रतिसाद

२०१३ साली चीनने रस्ते, बंदरे आणि लोहमार्ग यांची महायोजना जाहीर केली. तिचे परिणाम प्रत्येक शेजाऱ्यावर वेगळे झाले. श्रीलंकेने हंबनटोटा बंदर २०१७ साली चिनी कंपनीस ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले आणि त्यापोटी १.१२ अब्ज डॉलर घेतले. तथापि २०२२ साली श्रीलंकेची जी आर्थिक पडझड झाली तिचे सर्व खापर चीनवर फोडणे सत्यास धरून होणार नाही. खुल्या बाजारातून महाग दराने घेतलेली कर्जे आणि तेथील राज्यकर्त्यांचे निर्णय हीदेखील मोठी कारणे होती.

म्यानमारने वेगळा मार्ग घेतला. इरावती नदीवरील मित्सोन धरणाची बहुतांश वीज चीनला जावयाची होती. लोकांचा विरोध वाढल्यावर सप्टेंबर २०११ मध्ये तेथील राष्ट्राध्यक्षांनी काम थांबविले. आंबेगाव तालुक्यातील वाचकांस या विरोधाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. डिंभे धरणाच्या पाण्याखाली जुने आंबेगाव गेले आणि तालुक्याला त्याचे केवळ नाव उरले. धरण स्वकीयांचे असो वा परकीयांचे, पाणी कोणाला आणि विस्थापन कोणाला, हा प्रश्न तोच राहतो.

मंगोलियाने नोव्हेंबर २०१६ मध्ये दलाई लामांचे स्वागत केले. चीनने कर्जाची बोलणी पुढे ढकलली आणि सीमेवरून जाणाऱ्या मालावर जादा आकार बसविला. डिसेंबरमध्ये मंगोलियाच्या सरकारला यापुढे त्यांना निमंत्रण देणार नाही असे सांगावे लागले. कर्जाबरोबर मौनाची अट येते ती अशी. भूतानचे चीनशी राजनैतिक संबंध नाहीत. २०१७ साली डोकलाम येथे भारत व चीनचे सैन्य ७३ दिवस समोरासमोर उभे राहिले. तरीही भूतानने २०२१ साली सीमाप्रश्नावर चीनशी त्रिस्तरीय बोलणीचा आराखडा मान्य केला. लहान देशास दोन्ही दारे उघडी ठेवावी लागतात.

नेपाळचे उदाहरण आपल्या दृष्टीने सर्वांत बोलके आहे. लुंबिनीजवळ भैरहवा येथे आशियाई विकास बँकेच्या कर्जातून आणि चिनी कंपनीच्या हातून बांधलेल्या विमानतळाचे उद्घाटन १६ मे २०२२ रोजी, बुद्धपौर्णिमेस झाले. त्याच दिवशी भारताचे पंतप्रधान हेलिकॉप्टरने थेट लुंबिनीत उतरले आणि त्यांनी तेथे भारतीय बौद्ध केंद्राची पायाभरणी केली. तथागतांच्या जन्मस्थानी एकाच दिवशी दोन मोठ्या शेजाऱ्यांची स्पर्धा अशी दिसली. भारतानेही २०२२ साली मंगोलियात आणि २०२४ साली थायलंडमध्ये बुद्धधातू दर्शनासाठी पाठविले, २०२३ साली दिल्लीत जागतिक बौद्ध परिषद घेतली. त्यात वाईट काही नाही. परंतु बाबासाहेबांची कसोटी चीनला लावताना ती आपल्या शासनालाही लावली पाहिजे.

पुणे जिल्ह्याचा अनुभव

हा प्रश्न आपल्या जिल्ह्यातही आलेला आहे. गलवान खोऱ्यातील संघर्षानंतर जून २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने चिनी कंपन्यांशी संबंधित सुमारे ५,०२० कोटी रुपयांचे तीन करार जैसे थे ठेवले. त्यांतील सर्वांत मोठा, ३,७७० कोटींचा, तळेगावच्या मोटार कारखान्यासाठी होता. ती कंपनी २०२२ साली मागे फिरली आणि तो कारखाना २०२३ साली कोरियन कंपनीने घेतला. त्याच वेळी बहिष्काराच्या घोषणाही झाल्या. तरीही २०२४-२५ या वर्षात चीनशी व्यापारातील भारताची तूट सुमारे ९९ अब्ज डॉलरवर गेली.

आंबेगाव तालुक्यातील म्हाळुंगे पडवळचे गिरणी कामगार बाबू गेनू यांनी १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या मोटारीपुढे प्राण दिले. डिंभे जलाशयास आज त्यांचेच नाव आहे. त्यांच्या बहिष्कारामागे देशातील हातमाग व गिरण्या उभ्या होत्या. आपल्या कारागिराच्या हाती भांडवल नसेल तर बहिष्कार घोषणेपुरताच राहतो. श्रेणींकडे ठेव ठेवणाऱ्या प्राचीन उपासकांस हे कळले होते.

म्हणून कोणत्याही मोठ्या सत्तेने काही देऊ केले तर आपण विचारावे की, त्याचे व्याज कोणाकडे जाणार आहे, ते परत मागितले जाईल काय, आणि घेणाऱ्यास त्यासाठी गप्प बसावे लागेल काय. चीनच्या शेजाऱ्यांना हे प्रश्न आज विचारावे लागत आहेत. उद्या बौद्ध वारशाच्या नावाने आपल्यापुढे येणाऱ्या योजनांनाही ते विचारावे लागतील. लेण्याद्रीचे सातवे लेणे मूळचा विहार होते, आज तेथे अष्टविनायकांतील गिरिजात्मज आहे. स्थळे हस्तांतरित होतात. परंतु लेख जेथे वाचले जातात तेथे अटी विसरल्या जात नाहीत. जुन्नरला जाणाऱ्या प्रत्येक उपासक-उपासिकेने मानमोडीवरील अयमाचा लेख आणि यवनांचे देयधम्म स्वतः पाहावेत, मुलांना दाखवावेत आणि ब्राह्मी अक्षरे शिकण्यास तेथूनच प्रारंभ करावा, अशी आमची विनंती आहे.