रिसेट दाबायच्या आधी

आज आमच्या चौलच्या वाडीतली पाण्याची थोडी जुनी हकिकत लिहितो.

माझ्या लहानपणी विहिरीवर रहाट होता. बैल गोल फिरायचा, लोटे भरून वर यायचे, पाटाने पाणी नारळी-पोफळीच्या आळ्यात जायचं. आजोबा पडवीत बसून आवाजावरून ओळखायचे, बैल थांबला का माळ अडकली. मग डिझेल इंजिन आलं. त्याचा धूर आणि ठोका बघूनही काय बिघडलंय ते कळायचं.

वीज आली आणि हे कळणं बंद झालं. आपल्या पंपावर चालते त्या जातीची तीन फेजची मोटार १८८९ साली दोलिवो-दोब्रोवोल्स्की या रशियन इंजिनिअरने जर्मनीत बनवली. इकडे १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, पुढे तिथे पंप बनू लागले. १९६० साली राज्य वीज मंडळ झालं आणि गावोगाव तारा पोचत गेल्या. मोटार गुणाची, पण तिचं दुखणं तिला सांगता येत नाही. एक फेज गेला तरी ती गुरगुरत चालू राहते. भार तोच असला तर उरलेल्या दोन तारांतून साधारण पावणेदोन पट करंट जातो आणि वाइंडिंग जळतं.

म्हणून स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले आला. आत दोन धातूंची जोडपट्टी. करंट वाढला की तापते, वाकते आणि मोटार तोडते. काम चोख, पण का तोडली ते सांगत नाही. सगळ्याला एकच रिसेट बटण.

त्या बटणाने माझं नुकसान केलंय. १९९७ चा एप्रिल. मोटार सारखी ट्रिप होत होती. मी रिलेची चकती फिरवून सेटिंग वाढवलं आणि रिसेट दाबत राहिलो. एका फेजचा फ्यूज गेला होता, तो बघितलाच नाही. चौथ्या वेळी जळका वास आला. मोटार बांधून येईपर्यंत बारा दिवस वाडी कोरडी, कोवळी सुपारी गळून आळ्यात पडली. वडील काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

१९८४ साली अमेरिकेत एडमंड श्वाइट्झर यांनी डिजिटल रिले बाजारात आणला. तो मोठ्या वीजवाहिन्यांसाठी होता. पुढे तशी अक्कल मोटारीच्या रिलेतही आली, आणि आता शेतावरच्या पेटीतही छोटा पडदा असतो.

पडद्यावर दोन गोष्टी बघायच्या. पहिली, आत्ताची स्थिती : तिन्ही फेजचे व्होल्ट आणि अँपिअर. माझी ५ एचपीची मोटार सात अँपिअरच्या आसपास घेते, तिन्ही आकडे जवळपास सारखे. दुसरी, शेवटच्या ट्रिपचं कारण. तिन्ही करंट जास्त असतील तर पंप जाम, बेअरिंग खराब किंवा व्होल्टेज कमी. एक आकडा शून्य असेल तर फेज गेला. करंट नेहमीपेक्षा कमी असेल तर ड्राय रन, म्हणजे पाणी खाली गेलं किंवा फुटव्हॉल्व्ह सुटला. अर्थ फॉल्ट दिसला तर बटणाला हातच लावायचा नाही, आधी वायरमन. काही रिले मोटार किती तापलीय ते टक्क्यांत दाखवतात, ते उतरेपर्यंत थांबायचं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळात आमच्या केबलवर पोफळ पडली. वीज आल्यावर केबल आम्हीच जोडली, तर मोटार चालूच होईना. जुनी सवय असती तर पेटी खोलून रिले बायपास केला असता. पण पडद्यावर फेज उलटा असं आलं होतं. आमच्याकडून दोन तारा अदलाबदल झाल्या होत्या. मेन बंद करून त्या बदलल्या, पंप सुरळीत चालला.

तेव्हापासून पेटीजवळ वही टांगलीय. साध्या पेट्यांत रिसेट केल्यावर नोंद पुसली जाते, म्हणून आधी तारीख, वेळ, कारण, तिन्ही अँपिअर लिहायचे, मगच बटण. मुलगा पहिल्यांदा हसला होता. गेल्या उन्हाळ्यात ड्राय रनची नोंद आठवड्यात तीनदा दिसली, तेव्हा त्यानेच पाळ्या कमी करून विहिरीला भरायला वेळ दिला. वाडी हिरवी राहिली.