पन्नास फुटांचा नियम



इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया आणि तहनामे ह्यांचीच आपणांस सवय असते. आज मी मात्र कायद्याच्या एका लहानशा पोटकलमाचा इतिहास सांगावयास बसलो आहे. हे काम वस्तुतः वकिलाचे. मी पडलो मॅट्रिकपर्यंत शिकलेला, आता निवृत्त झालेला शाळामास्तर. परंतु माझा जन्म वरळीच्या बी. डी. डी. चाळीतला, सारे आयुष्यही तेथेच गेलेले. आणि हे पोटकलम जणू आमच्या चाळीकडे पाहूनच लिहिले असावे, असे मला पुष्कळदा वाटत आले आहे. तेवढ्याच अधिकारावर मी बोलत आहे.

१९५१ सालच्या मुंबई पोलिस कायद्याचे, ज्यास आता महाराष्ट्र पोलिस अधिनियम म्हणतात त्याचे, तेहतिसावे कलम पोलिस कमिशनरांस सार्वजनिक जागेतील सुव्यवस्थेसाठी नियम करण्याचा अधिकार देते. त्यातील एका पोटकलमाचा आशय असा : रस्त्यात, किंवा रस्त्यापासून वा इमारतीपासून पन्नास फुटांच्या आत, गवतकाडी अगर अन्य काही जाळणे, होळी पेटविणे, उगाच बंदूक अथवा हवेची बंदूक झाडणे, शोभेची दारू उडविणे वा फेकणे, आगीचा फुगा अथवा बाण आकाशात सोडणे, ह्या सर्व गोष्टींचे नियमन करावे किंवा त्यांस मनाई करावी. रोषणाईसाठी रस्त्याच्या कडेला खांब उभा करणेदेखील ह्याच वाक्यात येऊन बसले आहे. शिमगा, दिवाळी, गणेशोत्सव आणि बंदूक ही चौकडी एका वाक्यात आणून बसविणारा तो कायदेपंडित कोण होता, कोण जाणे! आपल्या वर्षाचे निम्मे सण त्याने एका दमात आटोपले आहेत.

परंतु ही सांगड अगदीच अकारण नाही. मुंबईचा इतिहास पाहिला तर तोफ आणि आग ह्या दोघींनीच ह्या शहराची मांडणी ठरविली असे म्हणता येते. १८०३ सालच्या फेब्रुवारीच्या १७ तारखेस कोटातील बाजारात आग लागली. वारा जोराचा होता. तटाच्या आतील वस्तीचा सुमारे एक तृतीयांश भाग जळून गेल्यावर ती आवरली. आणि आवरली ती कशाने, तर पुढची काही घरे तोफांच्या माऱ्याने पाडून तिची वाट तोडली म्हणून. जोनाथन डंकन हे तेव्हा गव्हर्नर होते. आगीनंतर तटाबाहेरील मोकळ्या मैदानाची मर्यादा आठशे यार्डांपर्यंत वाढविण्यात आली, कारण किल्ल्यावरील तोफांस समोर घर अगर झाड आड येता कामा नये. त्या रेषेपलीकडे लोकांनी घरे बांधली आणि बाहेरची, दाट, देशी मुंबई वाढत गेली. पुढे १८६० नंतरच्या काही वर्षांत बार्टल फ्रियर ह्यांच्या कारकिर्दीत तट पाडले गेले. तोफा गेल्या, मैदान उरले. आझाद मैदान, क्रॉस मैदान आणि ओव्हल ही त्या मैदानाचीच आजची रूपे होत. ज्या हिरवळीवर आपली मुले क्रिकेट खेळतात, ती मुळात तोफेच्या गोळ्यासाठी राखलेली जागा.

बंदुकीची हकिकत निराळी. १८७८ साली लॉर्ड लिटन ह्यांच्या अमदानीत हत्यारांचा कायदा झाला आणि परवान्यावाचून हत्यार बाळगणे हा गुन्हा ठरला. युरोपियनांस मात्र त्यातून सूट होती. आरंभीच्या काँग्रेसने ह्याविरुद्ध वारंवार ठराव केले. १९३१ च्या कराची काँग्रेसने नागरिकांच्या मूलभूत हक्कांची यादी केली, तीतही नियमांच्या अधीन राहून हत्यार बाळगण्याचा हक्क मागितलेला आहे, हे आज ऐकून पुष्कळांस आश्चर्य वाटेल. स्वराज्यात हा कायदा बदलून १९५९ चा नवा कायदा आला, तो १९६२ च्या ऑक्टोबरपासून अमलात आहे. परवाना कायम राहिला. आमच्या चाळीतल्या कोकणातून आलेल्या मंडळींस हा परवाना चांगला ठाऊक. रानडुकरे आणि वानरे ह्यांपासून शेत राखण्यासाठी गावाकडे ठासणीची बंदूक असावयाची, आणि निवडणूक आली की ती पोलिस ठाण्यात नेऊन जमा करावयाची. मतदान आणि बंदूक एका वेळी गावात नकोत, हा सरकारचा हिशेब. तो चुकीचा आहे असे मला वाटत नाही.

मुंबईच्या गिरणगावात मात्र बंदूक कोणाकडे असणार? येथला प्रश्न दगडाचा आणि आगीचा. म्हणून आता चाळीकडे वळतो.

१९२० साली सर जॉर्ज लॉइड गव्हर्नर असताना सरकारने डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढले. त्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. त्यांपैकी १२१ एकट्या वरळीत. तळमजला आणि वर तीन मजले, मधून लांब अंधारी वाट, तिच्या दोहों बाजूंस खोल्या; एका चाळीत ८० खोल्या आणि एक खोली १६० चौरस फुटांची. भिंती सिमेंट काँक्रीटच्या. प्रथम प्रथम लोक येथे राहावयास येईनात, पुष्कळ खोल्या रिकाम्या पडल्या. तेव्हा कायदेभंगाच्या चळवळीत सरकारने वरळीच्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग केला. पुढे गिरणीकामगार आले, म्युनिसिपालिटीचे कामगार आले, आणि पोलिसांची कुटुंबेही आली. म्हणजे ज्यांनी नियम पाळावयाचा ते आणि ज्यांनी तो पाळावयास लावावयाचा ते, एकाच नळावर पाणी भरीत.

होळीच्या बाबतीत ह्याचा फार उपयोग होई. मी नुकताच मास्तर झालो होतो, त्या वर्षी पन्नास फुटांचे हे पोटकलम माझ्या वाचनात आले आणि नव्या मास्तरास साजेल अशा उत्साहाने मी शाळेची टेप घेऊन आवारात उतरलो. चार ठिकाणी मोजून पाहिले. एका चाळीपासून दूर जावे तो दुसरी जवळ येई, आणि दोन्हींपासून सुटावे तो रस्ता आडवा! आमच्याच मजल्यावर राहणारे एक वयस्क हवालदार हा प्रकार पाहत उभे होते. ते म्हणाले, "मास्तर, टेप गुंडाळा. वारा कोणीकडचा आहे ते बघा आणि दोन पिंपे पाणी भरून ठेवा." त्याप्रमाणेच दर वर्षी होत आले. होळीची जागा ठरलेली, लाकडे किती ते ठरलेले, नारळ कोणी टाकावयाचा तेही ठरलेले. पोरांनी कोणाची खाट पळविली तर ती मुकाट्याने परत करावयाची. ह्यातले काही कोठे लिहिलेले नव्हते. परंतु माझ्या आठवणीत आमच्या होळीने कोणाचे धोतरदेखील जळाले नाही.

हे सारे ऐकून चाळ म्हणजे केवळ एकोपा, अशी आपली समजूत व्हावयाची. तशी ती मी होऊ देणार नाही.

१९७४ च्या जानेवारीत मुंबईत लोकसभेची पोटनिवडणूक होती. ५ तारखेस आमच्या चाळींशेजारील आंबेडकर मैदानात दलित पँथरची सभा झाली. सभेवर दगड आले, पोलिसांनी लाठ्या चालविल्या, आणि पाहता पाहता दंगल चाळींत शिरली. एका बाजूस दलितांच्या चाळी, दुसऱ्या बाजूस सवर्णांच्या. त्या दंगलीत पोलिसांच्या गोळीबारात रमेश देवरुखकर हा तरुण मृत्युमुखी पडला. १० तारखेस निषेधाचा मोर्चा परळ भागातून जात असता वरून दळणवाटणाचा दगड टाकण्यात आला आणि त्याने भागवत जाधव ह्यांचा प्राण घेतला. पुढे कित्येक आठवडे ही धग राहिली. सरकारने न्यायमूर्ती भस्मे ह्यांचा चौकशी आयोग नेमला.

ह्याच पोलिस कायद्याचे सदतिसावे कलम अशा वेळेसाठी आहे. त्यानुसार भाले, तलवारी, लाठ्या, बंदुका ह्यांबरोबरच दगड वा फेकण्याजोग्या अन्य वस्तू बाळगणे, जमविणे अथवा तयार करणे, आणि त्या फेकण्याची साधने जवळ ठेवणे, ह्यांस मनाई करता येते. जमाव आणि मिरवणूक ह्यांसही बंदी घालता येते. मात्र ती पंधरा दिवसांपलीकडे चालवावयाची तर सरकारची संमती लागते. कलम विचारपूर्वक लिहिलेले आहे. पण लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रस्ता होता, हे उघड दिसते. रस्त्यावर दगड जमविणारा माणूस पोलिसास ओळखू येतो. चाळीत दगड जमवावा लागत नाही. तो स्वयंपाकघरातच असतो, आणि त्याला वरवंटा म्हणतात.

मी तेव्हा शाळेत होतो. दुसऱ्या की तिसऱ्या रात्री वरच्या मजल्यावरची दोन मुले आमच्या दाराशी आली. चांगली ओळखीची, एकाबरोबर मी अभ्यासास बसत असे. तो म्हणाला, "काकू, वरवंटा द्या ना, गच्चीवर पाहिजे." आईने दारातूनच विचारले, "इतक्या रात्री गच्चीवर कसली चटणी वाटता रे?" मुले खाली मान घालून उभी राहिली. वरवंटा तिने दिला नाही. तो आधीच फडक्यात गुंडाळून ट्रंकेमागे सरकविला होता. परंतु माझे वडील उठले आणि कोपऱ्यातल्या रिकाम्या बाटल्या त्यांनी त्या मुलांच्या हाती दिल्या. सोडावॉटरच्या होत्या, सहा-सात असतील. ते मारामारी करणारे गृहस्थ नव्हते. गिरणीत कोणाशी त्यांचे दोन शब्द झाल्याचे मी ऐकले नाही. त्या रात्री मात्र, "दिल्या नाहीत तर उद्या आपल्याच दारावर येतील," एवढेच ते आईला म्हणाले.

त्या बाटल्या कोणाच्या अंगावर पडल्या, पडल्या की नाही, हे आमच्या घरात कधी कळले नाही आणि कोणी विचारलेही नाही. वडील गेले, आई गेली. पुढे मास्तर झाल्यावर दोन्ही बाजूंच्या चाळींतली मुले माझ्या वर्गात येत. त्यांच्यापैकी कोणाच्या बापाच्या कपाळावर व्रण दिसला की माझे लक्ष उगाच तिकडे जाई. दंगलीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. कोणी पहिला दगड मारला ह्यावर आजही वाद घालणारे भेटतात. बाटल्या कोणी पुरविल्या ह्याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही, कारण त्या दंगेखोरांनी आणल्या नव्हत्या. त्या घराघरांतून गेल्या होत्या.

त्यानंतर नियम वाढतच गेले. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत आवाजाच्या फटाक्यांस मनाई केली. २०१८ साली दिवाळीच्या रात्री आठ ते दहा एवढीच मुभा ठेवली. २०१६ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास पाच हजार रुपये दंड सांगितला. थंडीत रात्रपाळीहून आलेली मंडळी पूर्वी आवारात पालापाचोळा आणि फळकुटे पेटवून शेकत बसत. तो प्रकार आता गुन्ह्यात जमा. गिरण्याच उरल्या नाहीत, तेव्हा शेकोटीचे दुःख करणारेही थोडेच. आणि कायद्यातला तो आगीचा फुगा, ज्यास मी तरुणपणी हसत असे, तो पुनः अवतरला आहे. कागदी पिशवीखाली ज्योत लावून सोडावयाचे उडते कंदील पोलिस कमिशनर हल्ली वेळोवेळी आज्ञा काढून बंद करतात. आमच्या खिडकीतल्या आकाशकंदिलाचा त्यांच्याशी काही संबंध नाही. तो बिचारा दोरीला बांधलेला असतो.

आता चाळीच जात आहेत. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतील ५५६ कुटुंबांस नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. ज्यांनी १६० चौरस फुटांत चार पिढ्या काढल्या त्यांस ५०० चौरस फूट, आणि इमारत चाळीस मजल्यांची. आमच्या जुन्या शेजाऱ्यांचे नवे घर पाहावयास मी गेलो होतो. घर उजेडाचे आहे. वरून खालची माणसे मुंग्यांएवढी दिसतात, आणि खिडकीशी उभे राहिल्यावर मला प्रथम जे सुचले ते बोलून दाखवावेसे वाटले नाही. स्वयंपाकघरात मिक्सर होता. पाटा-वरवंटा गावी पाठविला, असे वहिनींनी सांगितले. होळी कोठे लावणार, असे मी त्यांच्या मुलास विचारले. तो म्हणाला, "काका, सोसायटीची कमिटी झाली की ठरेल. खाली गाड्या असतात ना, मोकळी जागा शोधावी लागेल." तेवढ्यात चहा आला, आणि मग बोलणे पाण्याच्या दाबाकडे आणि लिफ्टच्या रांगेकडे वळले.