स्पीकर वगळलेली गिटार

इलेक्ट्रिक गिटार म्हणजे दणदणाट, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. वाद्याची घडण मात्र उलटेच सांगते. या गिटारीच्या तारांखाली लोहचुंबक असतो आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे. पोलादी तार थरथरली की वेटोळ्यात विजेचा क्षीण प्रवाह उमटतो. मायकेल फॅरेडे याने १८३१ मध्ये दाखवलेले तत्त्व ते हेच. त्याच्याच आधारे अमेरिकेत जॉर्ज बोशाँ आणि अडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३१-३२ मध्ये ‘फ्राइंग पॅन’ नावाची गिटार केली. मांडीवर आडवी ठेवून वाजवायची, हवाईयन घाटाची. थोडक्यात, ही गिटार वीज निर्माण करते. आवाज करतो तो स्पीकर.

मग स्पीकर आणि त्यापुढचा माईक दोन्ही वगळून ही वीज थेट मुद्रणयंत्रात सोडली तर? प्रश्न आजच्या संगणकयुगातला वाटतो, पण त्यामागे पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो बराचसा राहत्या घरांत घडलेला आहे. लेस पॉल याने चाळीसच्या दशकात आपल्या घराच्या गॅरेजमध्ये एकावर एक गिटारी मुद्रित केल्या. गिटार थेट यंत्राला जोडण्याचा तो पुरस्कर्ता होता. डेट्रॉइटमधल्या मोटाउन कंपनीने १९५९ मध्ये एक साधे घर घेऊन त्याच्या गॅरेजचा स्टुडिओ केला. तिथे गिटारवादक आपापल्या वायरी एकाच पेटीत खोचत आणि आवाज थेट मुद्रणाच्या टेबलाकडे जाई. बीटल्सनी १९६८ मध्ये ‘रेव्होल्यूशन’साठी गिटारी थेट टेबलाला जोडून ते मुद्दाम क्षमतेपलीकडे ताणले, तो खरखरीत, फाटका आवाज जगभर गाजला. टॉम शोल्झ हा पोलरॉइड कंपनीतला अभियंता. ‘बॉस्टन’ या बँडची १९७६ ची तबकडी त्याने बरीचशी घराच्या तळघरात केली आणि १९८२ मध्ये हेडफोनवर वाजवायची ‘रॉकमन’ ही छोटी पेटी बाजारात आणली.

इतकी वर्षे या खटपटी का कराव्या लागल्या? कारण गिटारीचा स्पीकर हा नुसता मोठा आवाज करणारा भोंगा नव्हे. तो गाळणीही आहे. साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचे स्वर तो फारसे बाहेर सोडत नाही. तो काढून टाकला की फाटका आवाज मधमाश्यांच्या मोहोळासारखा कानाला चावतो. ही गाळणी विजेच्या मंडलाने उभी करणारी ‘सॅन्सअँप’ पेटी १९८९ मध्ये आली, गणिताने उभी करणारा ‘पॉड’ १९९८ मध्ये. आता तर स्पीकरच्या पेटीचा ठसाच घेतात: पेटीतून ठरावीक ध्वनी सोडायचा, समोरच्या माईकवर तो कसा उमटतो ते मोजायचे आणि त्या मोजमापातून कोणतीही गिटार फिरवायची. पेटी कॅलिफोर्नियात राहते, तिचा ठसा कुठेही जातो.

आपल्याकडे व्हॅन शिपले यांनी इलेक्ट्रिक गिटारीवर वाजवलेल्या सिनेगीतांच्या धुना एचएमव्हीच्या तबकड्यांवरून घरोघर पोहोचल्या. पण स्पीकर वगळण्याच्या गोष्टीला सगळ्यांत जवळचे मुंबईतले उदाहरण चरणजित सिंग यांचे. ते सिनेसंगीतातले गिटार आणि बास गिटारवादक. १९८२ मध्ये त्यांनी मुद्रित केलेली दहा रागांची, डिस्को ठेक्यावरची तबकडी एचएमव्हीने काढली. भैरव, ललत, मालकंस असे राग आणि साथीला रोलँड कंपनीची तीन यंत्रे. त्यांतले ‘टीबी-३०३’ मुळात एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बासची साथ मिळावी म्हणून तयार केलेले. या यंत्रांचा ध्वनी वायरीतूनच निघतो. त्यांना माईकची गरज नसते. तबकडी तेव्हा चालली नाही. २००२ मध्ये एका डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली, २०१० मध्ये पुन्हा निघाली, आणि शिकागोत पुढे बहरलेल्या ‘अ‍ॅसिड हाउस’ संगीताची ही पूर्वखूण की काय, अशी चर्चा सुरू झाली. चर्चा शक्य झाली ती तबकडीच्या वेष्टनावर वादकाचे नाव आणि साल असल्यामुळे. सिनेमाच्या वाद्यवृंदात बसून आयुष्य काढलेल्या कित्येक गोव्याच्या आणि मुंबईच्या वादकांना तेवढेही मिळाले नाही.

हे सगळे मला वेल्ह्यात आठवायचे कारण तोरण्याच्या पायथ्याचा पाऊस. आषाढ-श्रावणात पत्र्यावर तो असा कोसळतो की माईक लावून घरात काही मुद्रित करणे व्यर्थ. ओळखीचा एक मुलगा तशा पावसात हेडफोन लावून गिटार वाजवत बसला होता. खोलीत ऐकू येत होती ती फक्त तारांची टिकटिक. आजी ओट्यावर भाजी निवडत होती. “काका, पावसाचा एक थेंबही आत येत नाही,” तो म्हणाला. खरेच होते. शेजाऱ्यांची झोपही शाबूत होती. निवासी भागात रात्रीची मर्यादा पंचेचाळीस डेसिबलची, आणि स्पीकर मोकळा सोडला तर ती पहिल्याच झंकाराला मोडते. त्याचे साहित्यही मोजके: गिटारीसाठी वेगळे भोक असलेला इंटरफेस, संगणक, हेडफोन. वेगळे भोक अशासाठी की साध्या भोकाचा विरोध कमी असतो आणि त्यात गिटारीचा क्षीण प्रवाह दबून आवाज मंद होतो. इथे दहा लाख ओहमच्या आसपासचा विरोध लागतो. व्हॉल्व्हचा जुना अँप्लिफायर असेल तर मात्र स्पीकर नुसता काढून ठेवू नये. त्याजागी योग्य भार जोडला नाही तर आतला ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

सोय मोठी आहे, पण इतिहासाच्या अभ्यासकाला तिची किंमतही दिसते. जुन्या ध्वनिमुद्रणात खोली ऐकू येते: भिंतींचा घुमारा, कुणाचे खाकरणे, बाहेरची गाडी. स्थळकाळाचा तो पुरावा असतो. थेट मुद्रणात वेल्हे नाही, पाऊस नाही, आजी नाही. आहे ती परक्या खोलीची उसनी छाया. मोडी कागदांशी झटापट केलेल्यांना ही अडचण ओळखीची आहे. कित्येक पत्रांत चंद्र आणि महिना असतो, साल नसते. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापली, तेव्हा अशा पत्रांचे साल मजकुरातल्या खुणांवरून ठरवावे लागले. थेट मुद्रणात तर खुणाही उरत नाहीत.

म्हणून त्या मुलाला मी दोनच गोष्टी सांगितल्या. गिटारीतून आलेला कोरा, प्रक्रिया न केलेला ध्वनी वेगळा जपून ठेव. ते अस्सल पत्र, बाकी सगळ्या नकला. आज चढवलेला साज उद्या जुना वाटेल, कोऱ्या ध्वनीवर नवा चढवता येईल. दुसरे, फाइलीच्या नावातच तारीख, गाव आणि वाजवणाऱ्याचे नाव लिही. राजधानीच्या वादकांचीही नावे जिथे हरवली, तिथे डोंगराच्या कुशीतल्या गावाची कोण लिहून ठेवणार? त्याने त्या दिवशीच्या फाइलीला नाव दिले: वेल्हे, तारीख आणि स्वतःचे पूर्ण नाव. शेवटी विचारून एक शब्द आणखी घातला: पाऊस.