‘आता या वयात तारा?’ : दातांच्या तारांना वयाची अट कोणी घातली (धागा)

पंचविशी-तिशीतल्या माणसाने दातांना तारा लावून घेतल्या की घरीदारी एक प्रश्न हमखास येतो : आता या वयात? त्यामागचे गृहीतक सर्वांच्या परिचयाचे आहे. दात सरळ करायचे ते शाळेत असताना. मोठेपणी हाडे पक्की होतात, मग दात हलत नाहीत. हे एखाद्या निसर्गनियमासारखे बोलले जाते. प्रत्यक्षात या वयाच्या अटीला स्वतःचा इतिहास आहे. एका विशिष्ट काळात ती घातली गेली आणि पुढे पोलाद, आम्ल व गोंद यांनी ती सैल केली. हा धागा त्या अटीचा.

प्रथम एक लोकप्रिय दंतकथा. इजिप्तच्या ममींच्या दातांवर तारा सापडल्याचे समाजमाध्यमांवर वारंवार फिरत असते. प्राचीन भूमध्य प्रदेशात सोन्याच्या पट्ट्या आणि तारा दातांभोवती गुंडाळत हे खरे. इटलीतील इट्रुस्कन कबरींत अशा पट्ट्या सापडल्या आहेत. परंतु त्यांचे काम सैल दात धरून ठेवणे किंवा गेलेल्या दाताच्या जागी दुसरा बसवणे हे होते. दात सरकवण्याचा त्यांच्याशी संबंध नाही.

दात सरकवण्याचा जुना लेखी सल्ला इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस याचा. दुधाचा दात पडण्यापूर्वीच पक्का दात उगवला तर दुधाचा काढावा आणि नवा दात रोज बोटाने दाबत जागेवर आणावा, असे तो लिहितो. साधन म्हणजे बोट आणि रुग्ण म्हणजे मूल. दाब थोडा, पण रोजचा. गंमत अशी की या व्यवसायाचे मूळ तत्त्व यात जवळजवळ पूर्ण आले आहे.

धातूचा प्रवेश १७२८ मध्ये झाला. पॅरिसचा दंतवैद्य पियर फोशार याने त्या वर्षी दंतचिकित्सेवरील आपला दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात चांदीच्या किंवा सोन्याच्या चपट्या पट्टीचे वर्णन येते. ही पट्टी दातांच्या रांगेलगत ठेवायची आणि वाकडे दात दोऱ्याने तिला बांधायचे. दोरा हळूहळू दात पट्टीकडे ओढतो. घाई असेल तर फोशारकडे दुसरा उपाय होता : दात उपटण्याच्या चिमट्याने तो एका झटक्यात फिरवायचा आणि शेजारच्या दातांना बांधून टाकायचा. तेव्हा बधिरीकरणाची आजची औषधे नव्हती, हे ध्यानात घेता रुग्णांच्या धैर्याचे कौतुकच करावे लागेल.

वयाचा मुद्दा ठळकपणे मांडला तो इंग्लंडचा शल्यविशारद जॉन हंटर याने. १७७१ आणि १७७८ मधल्या त्याच्या दोन ग्रंथांनी दंतवैद्यकाला शरीरशास्त्राचा पाया दिला. दाब दिला की दाताभोवतीचे हाड वाट देते, हे त्याने ओळखले होते. त्याबरोबरच, यासाठी तारुण्याचा आरंभ हा काळ उत्तम, कारण त्या वयात जबडा जुळवून घेतो आणि पुढे तितक्या सहजतेने घेत नाही, असेही त्याने नोंदवले. हंटरचे विधान ‘अधिक सोपे’ आणि ‘कमी सोपे’ असे होते. त्याचे ‘शक्य’ आणि ‘अशक्य’ व्हायला आणखी सव्वाशे वर्षे लागली.

दरम्यान १८८० मध्ये न्यूयॉर्कच्या नॉर्मन किंग्जली यांचा मुखविकृतींवरील ग्रंथ आला. किंग्जली दंतवैद्य होते, तसेच शिल्पकारही; दुभंगलेल्या टाळूसाठी त्यांनी घडवलेली कृत्रिम साधने त्या काळी नावाजली गेली. दात हलवण्यास वयाची अशी मर्यादा जवळजवळ नाहीच, असे त्यांचे मत होते. प्रौढ व्यक्तीचे बहुतेक सर्व दात अस्ताव्यस्त असतील तर मात्र यशाची खात्री देता येत नाही, एवढी सावधगिरी त्यांनी बाळगली. आजच्या तज्ज्ञालाही हे विधान फारसे बदलावे लागणार नाही.

पण १९०१ मध्ये मॅकडोवेल या अमेरिकन दंतवैद्याने लिहिले की सोळाव्या वर्षानंतर दातांच्या चाव्यात संपूर्ण आणि कायमचा बदल घडवणे जवळजवळ अशक्य आहे. १९१२ मध्ये बेनो लिशर यांनी सहा ते चौदा हा उपचारांचा ‘सुवर्णकाळ’ ठरवला. किंग्जली ते लिशर हे अंतर अवघे बत्तीस वर्षांचे. एवढ्या काळात माणसाचे हाड बदललेले नव्हते. मग बदलले काय?

बदलले ते उपचाराचे उद्दिष्ट, आणि त्याचे श्रेय एडवर्ड अँगल यांना जाते. अँगल यांच्यापूर्वी समोरचे चार-सहा दात नीट दिसले की काम संपत असे. १८९९ मध्ये अँगल यांनी वरच्या पहिल्या पक्क्या दाढेला प्रमाण मानून चाव्याचे वर्गीकरण केले. ते आजही विद्यार्थ्यांना पाठ करावे लागते. वरचा प्रत्येक दात खालच्या दाताशी ठरल्याप्रमाणे जुळला पाहिजे, तोही एकही दात न काढता, हा त्यांचा आग्रह होता. दात योग्य जागी नेले की हाड त्यांच्याभोवती वाढेल, अशी त्यांची श्रद्धा होती. श्रद्धा हाच शब्द योग्य; १९११ मध्ये कॅल्विन केस यांनी काही रुग्णांचे दात काढणे आवश्यक असल्याचे मांडले, तेव्हा अँगलपंथीय मार्टिन ड्यूई यांच्याशी उडालेला वाद धर्मवादाच्या थाटात रंगला.

उपचाराची मदारच हाडाच्या वाढीवर असेल तर वाढ संपलेला रुग्ण आपोआप बाहेर पडतो. १९०० मध्ये सेंट लुईस येथे अँगल यांनी या विषयाची स्वतंत्र शाळा काढली, १९०१ मध्ये तज्ज्ञांची संघटना उभी केली. नवा व्यवसाय आकारला तोच मुलांच्या वाढत्या जबड्याभोवती. प्रौढांना दारातून परत पाठवण्याचा शास्त्रीय पुरावा हाती आला होता, असे म्हणता येत नाही. उद्दिष्टाच्या व्याख्येतच प्रौढांना जागा उरली नव्हती.

साधनेही प्रौढांना अनुकूल नव्हती. १९२५ च्या सुमारास अँगल यांनी आपली अखेरची रचना मांडली : प्रत्येक दातावर आडवी खाच असलेले छोटे ब्रॅकेट आणि त्या खाचेत बसणारी चौकोनी छेदाची तार. गोल तार खाचेत नुसती फिरते. चौकोनी तार दाताला पीळ देऊ शकते, म्हणजे मुकुटासोबत मूळही हलवू शकते. खाच होती इंचाच्या बावीस हजारांश बाय अठ्ठावीस हजारांश मापाची. हे माप शंभर वर्षांनंतरही वापरात आहे. इंजिनिअरिंगच्या दृष्टीने ही रचना अजोड होती. मात्र ब्रॅकेट दातावर चिकटवण्याची सोय नव्हती. ते धातूच्या कड्यावर झाळून, ते कडे अख्ख्या दाताभोवती बसवावे लागे. म्हणजे हसताना दिसणार प्रत्येक दाताला कडे. तार सोन्याच्या मिश्रधातूची, आणि काम सोनाराइतके नाजूक व महाग. असा खर्च मुलांसाठी सोसणारी सधन कुटुंबे होती. नोकरीधंद्यातल्या माणसाने धातूने भरलेले तोंड घेऊन दोन-अडीच वर्षे वावरावे, हे कल्पनेतही बसत नसे.

पहिली गाठ पोलादाने सोडवली. १९१२-१३ च्या सुमारास जर्मनीत आणि इंग्लंडमधील शेफील्डमध्ये न गंजणारे पोलाद तयार झाले. १९३० च्या दशकात ते दातांच्या तारांत शिरले आणि १९६० च्या दशकापर्यंत सोने जवळपास हद्दपार झाले. पोलाद स्वस्त होते, सोन्याहून अधिक स्थितिस्थापक होते आणि बारीक तारेतही ताकद राखत होते. मराठीत या सगळ्या साधनाला ‘तारा’ म्हणतात ते अचूक आहे. ब्रॅकेट ही नुसती मूठ, काम तारेचे.

त्याच काळात दाताभोवती नक्की काय घडते, याचे कोडे सुटत गेले. दाताचे मूळ हाडात घट्ट रोवलेले नसते. दोहोंमध्ये तंतूंचा अतिशय पातळ थर असतो. स्वीडनच्या कार्ल सँडस्टेट यांनी १९०४-०५ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवले की दाबाच्या बाजूचे हाड विरघळते आणि ताणाच्या बाजूला नवे हाड साचते. दाब जास्त झाला तर तंतूंचा थर चिरडून निर्जीव होतो आणि दात अडून बसतो. १९३२ मध्ये श्वार्झ यांनी योग्य दाबाचे माप सुचवले : दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २० ते २६ ग्रॅम, म्हणजे सूक्ष्म रक्तवाहिन्यांतील दाबाइतका. त्याहून अधिक जोर लावला की रक्तपुरवठा तुटतो. सेल्ससचे बोट आठवावे.

प्रौढांच्या प्रश्नाला थेट हात घातला तो नॉर्वेच्या कारे राइतान यांनी. १९५० च्या दशकात त्यांनी मुले आणि प्रौढ यांच्या ऊतींची सूक्ष्मदर्शकाखाली तुलना केली. प्रौढांत पेशींची हालचाल सुरू होण्यास वेळ लागतो. हाड अधिक दाट असते. पण एकदा प्रक्रिया सुरू झाली की तीच पेशी, तेच विरघळणे, तेच साचणे. फरक आरंभाच्या गतीचा होता. हंटरने १७७८ मध्ये जे म्हटले होते, तिथेच विज्ञान परत आले, या वेळी पुराव्यासह.

तरीही कड्यांचा प्रश्न उरलाच होता. तो सुटला तो दंतवैद्यकाबाहेरच्या एका युक्तीने. रंग नीट धरावा म्हणून कारखान्यांत धातूच्या पृष्ठभागावर फॉस्फोरिक आम्ल लावत. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टरचे मायकेल ब्युओनोकोर यांनी १९५५ मध्ये तोच प्रयोग दातावर केला. आम्लाने दाताच्या कठीण कवचावर सूक्ष्म खाचा पडतात आणि त्यांत प्लास्टिकसारखे द्रव्य शिरून घट्ट बसते. १९६० च्या दशकात जॉर्ज न्यूमन यांनी याच तत्त्वावर ब्रॅकेट थेट दाताला चिकटवले. अख्ख्या दाताभोवतीच्या कड्याच्या जागी आता दर्शनी भागावर एक लहानसा तुकडा उरला. प्रौढांना दवाखान्यात आणण्यात या गोंदाचा वाटा दुसऱ्या कोणत्याही शोधापेक्षा मोठा आहे. इतिहासाच्या पुस्तकांत मात्र अँगल यांना प्रकरण मिळते आणि गोंदाला परिच्छेद.

त्यानंतरची तार आली ती नौदलातून. अमेरिकन नौदलाच्या शस्त्रास्त्र प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर क्षेपणास्त्रांसाठी उष्णता सोसणारे मिश्रधातू शोधत होते. निकेल आणि टायटॅनियमच्या एका मिश्रणाची चुण्या घातलेली पट्टी एका बैठकीत हातोहात फिरत असताना उपस्थितांपैकी एकाने पाइप पेटवण्याच्या लायटरने ती तापवली, आणि पट्टी सर्वांसमक्ष ताणून सरळ झाली. दोन धातू आणि प्रयोगशाळेची आद्याक्षरे जोडून तिला ‘निटिनॉल’ नाव मिळाले. १९७० च्या दशकाच्या आरंभी आयोवा विद्यापीठाचे जॉर्ज अँड्रिसन यांनी ती दातांसाठी वापरात आणली. पोलादी तार वेड्यावाकड्या दातांत अडकवली तर आरंभी जोर फार पडतो आणि मग झपाट्याने ओसरतो. ही नवी तार मोठा वाक सहन करून दीर्घकाळ हलकाच दाब देत राहते. उशिरा जागे होणाऱ्या प्रौढ ऊतींना नेमके हेच मानवते.

याच दशकात कॅलिफोर्नियात क्रेव्हन कुर्झ आणि जपानमध्ये किन्या फुजिता यांनी स्वतंत्रपणे दातांच्या आतल्या बाजूने तारा लावण्याची पद्धत काढली. कुर्झ यांच्यापुढे तारा दिसू न देऊ इच्छिणारे प्रौढ होते. फुजिता यांच्यापुढे ओठ फुटू नयेत अशी इच्छा असणारे युद्धकलांचे खेळाडू. भारतात या विषयाच्या तज्ज्ञांची संघटना १९६५ मध्ये स्थापन झाली. म्हणजे आपल्याकडे हे शास्त्र संघटित झाले तेव्हा कड्यांचे युग संपत आले होते. वयाविषयीचा जुना समज मात्र सोबत आला आणि टिकून राहिला.

त्या समजात सत्याचा अंश नाही असे नव्हे. दात हलतात, पण प्रौढाच्या जबड्याची लांबी तारेने बदलत नाही. वरचा-खालचा जबडाच मागेपुढे असेल तर मुलांत वाढीला वळण देण्याचा प्रयत्न करता येतो, मोठेपणी शस्त्रक्रिया लागते. १९५७ मध्ये ह्यूगो ओबवेगेसर यांनी तोंडाच्या आतून खालचा जबडा उभा चिरून सरकवण्याची पद्धत प्रसिद्ध केल्यानंतर ती वाटही रुळली. हिरड्यांचा आजार हा प्रौढांचा दुसरा अडसर. तो आटोक्यात आणल्याशिवाय तारा लावणे धोक्याचे.

या इतिहासाला एक उपरोधिक पुरवणी आहे. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट लिटल आणि सहकाऱ्यांनी लहानपणी उपचार झालेल्यांचे दात दहा वर्षांनी पुन्हा मोजले. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे दोन-तृतीयांश व्यक्तींचे खालचे पटाशीचे दात पुन्हा असमाधानकारक अवस्थेत आढळले. ‘सुवर्णकाळात’ सरळ केलेले दात मोठेपणी, पक्क्या म्हटल्या गेलेल्या हाडात, कोणी न हलवता हलले होते. म्हणूनच हल्ली उपचार संपताना खालच्या पुढच्या दातांच्या मागे एक बारीक तार चिकटवली जाते. ती बाहेरून दिसत नाही, आणि ती कधी काढायची याची तारीख अनेकदा दिलीच जात नाही.