मोतीबिंदूच्या सावलीत

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय 1864 चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चे. या पट्ट्याला वाचनाची सवय जुनी. तरी उतारवयात अक्षरे पुसट झाली की घरोघर निदान एकच: मोतीबिंदू. माझ्या मते ही समजूत 1976 च्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाने आणि नेत्रशिबिरांनी पक्की केली. रुग्ण मोतीबिंदूचेच सर्वाधिक होते, मग शिबिरांचे काय चुकले, असे कोणी विचारेल. काहीच नाही, पण ‘पिकू द्या, मग काढू’ ही सवय मॅक्युलाच्या, म्हणजे दृष्टिपटलाच्या मध्यभागाच्या, झिजेत घातक ठरते. तिथे सरळ ओळ वाकडी दिसते, समोरचा चेहरा मधोमध पुसला जातो, कडेचे मात्र दिसत राहते. या झिजेच्या ओल्या, म्हणजे रक्तवाहिन्या पाझरणाऱ्या, प्रकारावरची डोळ्यातली इंजेक्शने 2005 नंतर रुळली. ती वेळेत मिळाली तरच नजर टिकण्याची आशा. चष्मा लावून, एकेक डोळा झाकून दाराची चौकट पाहा. वाकडी दिसली तर लगेच दृष्टिपटलाच्या डॉक्टरांकडे जा.