कपाळाच्या हाडाची गोष्ट

मंडळी, समोरचा चेहरा बाईचा की पुरुषाचा, हे आपण कशावरून ठरवतो? आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, पण हा प्रश्न नेटानं धसाला लावला एका सर्जननं. १९८२ साली सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस ऑस्टरहाउट यांच्याकडे एका ट्रान्स स्त्रीसाठी विचारणा आली. तिची लिंगबदल शस्त्रक्रिया झाली होती, तरी लोक तिला पुरुषच समजत. ऑस्टरहाउट यांनी लगेच सुरी उचलली नाही. आधी मानववंशशास्त्रातली जुनी मोजमापं वाचली, संग्रहातल्या कवट्या तपासल्या. (सरासरी म्हणजे कुणाचाच चेहरा नव्हे, हे आपलं जाता जाता.) मोठा फरक हाडात सापडला, विशेषतः भुवयांवरच्या उंचवट्यात.

तिथे नुसतं तासून नेहमी भागत नाही. हाडामागे हवेची पोकळी असते. पुढची भिंत पातळ असली तर भोकच पडायचं. अशा वेळी ती भिंत कापून, मागे सरकवून बसवावी लागते. १९८७च्या निबंधात त्यांनी कपाळांचे प्रकारच पाडले.

म्हणून सर्जन निवडताना आधीचे-नंतरचे फोटो बघाच. पण आमच्या मते पहिला प्रश्न हा, की सीटी स्कॅनमध्ये माझी भिंत किती जाड दिसते, आणि ती मागे बसवण्याचं काम तुम्ही स्वतः किती वेळा केलंय? स्कॅन न बघताच ‘तासून होईल’ म्हणणाऱ्याकडून सरळ उठून यावं.