वादळ धडकतं गुजरातला, मग आचऱ्याचं नुकसान का होतं?

१७ मे २०२१ च्या रात्री तौक्ते चक्रीवादळ गुजरातमध्ये दीवजवळ किनाऱ्यावर धडकलं. आचरा ते दीव हे सरळ रेषेतलं अंतर साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास आहे. तरीही त्याच्या आदल्याच दिवशी, १६ मे रोजी, सिंधुदुर्गात घरांची छपरं उडाली होती, आंबा-काजूच्या बागा आडव्या झाल्या होत्या आणि विजेचे खांब कोसळून कित्येक गावं अंधारात गेली होती. देवगडच्या बंदरात नौका बुडाल्या आणि खलाशांचे जीव गेले.

मालवण आणि देवगडच्या मधे, खाडीच्या मुखाशी वसलेल्या आचऱ्यासारख्या गावासाठी हा प्रश्न महत्त्वाचा आहे. कारण वादळ आलं की मोबाइलवर सगळ्यात आधी फिरतो तो नकाशा आणि त्याखाली एकच ओळ असते : ‘वादळ अमुक ठिकाणी धडकणार.’ आपल्या गावाचं नाव त्यात नसलं की लोक निर्धास्त होतात. चूक नेमकी इथेच होते.

‘धडकणं’ म्हणजे नक्की काय?

वादळाचं केंद्र समुद्रावरून जमिनीवर येतं, त्याला हवामानशास्त्रात ‘धडकणं’ म्हणतात. हा फक्त एका बिंदूचा हिशोब आहे. प्रत्यक्षात वाऱ्याचा, पावसाचा आणि लाटांचा पसारा केंद्रापासून शेकडो किलोमीटर पसरलेला असतो. तौक्तेचं केंद्र सिंधुदुर्गच्या किनाऱ्यापासून साधारण शंभर-दीडशे किलोमीटर आत समुद्रातच होतं. ते इथे जमिनीवर आलंच नाही.

दुसरं कारण दिशेचं. उत्तर गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतं. असं वादळ कोकण किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे निघालं, की त्याच्या उजव्या बाजूला कोकण येतं. या उजव्या बाजूला फिरणाऱ्या वाऱ्याच्या वेगात वादळाच्या स्वतःच्या पुढे सरकण्याच्या वेगाची भर पडते. त्यामुळे साधारणपणे हीच बाजू जास्त जोरदार असते. शिवाय केंद्र गावाला ओलांडून वायव्येकडे गेलं की वारा नैऋत्येकडून, म्हणजे समुद्राकडून थेट किनाऱ्यावर येतो आणि पाणी आत ढकलतो.

मालवण किनाऱ्याचा इतिहास काय सांगतो?

गेल्या काही वर्षांतली चार वादळं पाहा. एकही सिंधुदुर्गात धडकलं नाही.

फयान (२००९) : ११ नोव्हेंबरला अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनारा ओलांडला. वाऱ्याचा वेग ताशी ८५ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे कागदावर साधं चक्रीवादळ. पण ते झपाट्याने आलं. चक्रीवादळाचा दर्जा मिळाल्यापासून किनारा ओलांडेपर्यंत २४ तासही गेले नाहीत. तेव्हा रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या नौका समुद्रात होत्या आणि अनेक मच्छीमार परतले नाहीत.

ओखी (२०१७) : कन्याकुमारी आणि लक्षद्वीपला झोडपून हे वादळ उत्तरेकडे आलं आणि दक्षिण गुजरातपर्यंत जाताना विरत गेलं. त्याआधी केरळ आणि तामिळनाडूच्या ६८ नौका, सुमारे साडेनऊशे मच्छीमारांसह, सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला सुखरूप लागल्या. त्यातच ३ डिसेंबरला पौर्णिमा होती. पौर्णिमेची मोठी भरती आणि वादळाच्या लाटा एकत्र आल्या की उधाण नेहमीपेक्षा जास्त आत येतं.

क्यार (२०१९) : ऐन दिवाळीत आलेलं हे वादळ रत्नागिरीच्या पश्चिमेला सुमारे २०० किलोमीटरवर होतं. पुढे ते महाचक्रीवादळ झालं आणि अरबस्तानाच्या दिशेने निघून गेलं. भारतात कुठेच धडकलं नाही. तरी मालवण-देवगड पट्ट्यात समुद्राचं पाणी वस्तीपर्यंत आलं.

तौक्ते (२०२१) : वर सांगितलं तेच.

अंदाज किती अचूक असतो?

अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागरातल्या वादळांवर भारतीय हवामान विभागाचं दिल्लीतलं केंद्र लक्ष ठेवतं. वादळांना नावंही तेच देतं. तौक्ते हे नाव म्यानमारने सुचवलेलं, अर्थ पालीच्या जातीतला एक प्राणी. १३ देशांनी मिळून २०२० मध्ये दिलेल्या १६९ नावांच्या यादीतून आता एकेक नाव क्रमाने वापरलं जातं. अटलांटिकमध्ये ज्याला हरिकेन आणि पश्चिम पॅसिफिकमध्ये टायफून म्हणतात, ते हेच.

उपग्रह, रडार, समुद्रातले बोये आणि संगणकीय मॉडेल यांच्या जोरावर अंदाज खूप सुधारले आहेत. तरी २४ तास आधी सांगितलेली केंद्राची जागा आणि प्रत्यक्ष जागा यात अजूनही सरासरी ७० ते ८० किलोमीटरचा फरक पडतो. समुद्राच्या मानाने हे अंतर किरकोळ आहे. पण मालवण ते देवगड हे सरळ रेषेतलं अंतरच ४० किलोमीटरहून कमी आहे. म्हणजे ‘वादळ आचऱ्यापासून किती लांबून जाणार’ याचं अगदी नेमकं उत्तर कुणीही देऊ शकत नाही.

म्हणूनच नकाशावर मार्गाच्या रेषेभोवती पुढे रुंद होत जाणारा शंकू काढतात. तो वादळाचा आकार दाखवत नाही. केंद्र कुठून कुठपर्यंत सरकू शकतं, एवढंच तो सांगतो. शंकूच्या बाहेर असलेल्या गावालाही वारा आणि लाटा बसू शकतात.

मग पाहायचं काय?

दर्जा : वाऱ्याचा वेग ताशी ३१ ते ४९ किलोमीटर असेल तर डिप्रेशन, ५० ते ६१ असेल तर डीप डिप्रेशन. ६२ झाला की चक्रीवादळ आणि तेव्हाच नाव मिळतं. फयानचा धडा हाच की नाव मिळायची वाट पाहत बसू नये. लहान होडीसाठी डिप्रेशनही पुरेसं धोकादायक असतं.

इशाऱ्याचा टप्पा : ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी सतर्कतेचा इशारा, २४ तास आधी वादळाचा इशारा आणि १२ तास आधी शेवटचा टप्पा. त्याशिवाय मच्छीमारांसाठी वेगळा इशारा निघतो. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी तो आधी वाचावा.

लाटा : हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था उंच लाटा आणि उधाणाचा इशारा देते. त्याच्या जोडीला त्या दिवशीची भरतीची वेळ आणि तिथी पाहावी.

बंदरावरचा बावटा : क्रमांक १ आणि २ म्हणजे वादळ दूर समुद्रात आहे. ३ आणि ४ म्हणजे बंदरालाच खराब हवामानाचा धोका आहे. ५ पासून १० पर्यंत धोका वाढत जातो आणि ११ म्हणजे हवामान केंद्राशी संपर्कच तुटला आहे.

ॲपचा अंदाज : दहा दिवसांनंतरचं रंगीत भोवरा असलेलं चित्र हे एका मॉडेलचं एका वेळचं गणित असतं. पुढच्या गणितात तो भोवरा गायबही होतो. शिवाय हवामान विभाग तीन मिनिटांच्या सरासरीने वाऱ्याचा वेग मोजतो, तर अमेरिकी संस्था एका मिनिटाच्या. त्यामुळे एकाच वादळाचे दोन आकडे दिसले तर त्यातला एक खोटा असेलच असं नाही.

हे आता वाढतंय का?

पूर्वी बंगालच्या उपसागरात चार वादळं झाली की अरबी समुद्रात एक, असं साधारण प्रमाण होतं. पुण्याच्या आयआयटीएममधल्या शास्त्रज्ञांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार त्याआधीच्या दोन दशकांशी तुलना करता २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. ती जास्त काळ टिकूही लागली आहेत. समुद्राचं वाढतं तापमान हे त्यामागचं मोठं कारण आहे. त्यांचे मुख्य हंगाम दोन, मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. एका हंगामात आंबा काढणीचे शेवटचे दिवस आणि होड्या किनाऱ्यावर ओढण्याची घाई, दुसऱ्यात भर मासेमारी.

आचरा गाव प्रसिद्ध आहे ते गावपळणीसाठी. दर काही वर्षांनी रामेश्वराचा कौल मिळाला की सगळं गाव गुराढोरांसह वेशीबाहेर जाऊन तीन दिवस तीन रात्री राहतं. वादळात पूर्ण गाव सोडायची गरज सहसा नसते. होडी वर ओढणं, किनाऱ्यालगतच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आत हलवणं, फोन चार्ज करून ठेवणं, एवढ्यानेही बरंच वाचतं. फक्त हे वेळेत व्हायला हवं. त्यासाठी ‘कुठे धडकणार’ यापेक्षा ‘आपल्या किनाऱ्यावर वारा आणि लाटा किती’ हा प्रश्न आधी विचारायला हवा.